पारड्यावरचा अंगठा

निबिया एचेबेरी, वय एकोणऐंशी.
उरुग्वेतल्या साल्तो गावच्या मंडईत
एकतीस वर्षं वजनं तपासत हिंडली.
पारड्याखाली चिकटवलेलं शिसं,
कानशीनं झिजवलेला अर्धा किलो,
आणि तो खाटीक, हवापाण्याच्या गप्पा मारत
हळूच अंगठा टेकवणारा.

आता रविवारी अंगणात बसते,
हातात तुंब्यातला कडवट माते चहा,
कानावर लाल पेन्सिल.

आजचा लेख नदीकाठच्या कागद कारखान्याविरुद्ध.
तीही विरुद्धच. कुंपणावरची पाटी
तिनंच रंगवलेली: ‘नदी नाहीतर मरण’.
म्हटलं, आज पेन्सिल कानावरच राहणार.

पण नाही.
‘आज एक कारखाना, उद्या अख्खी नदी विकतील.’
मधल्या पायऱ्या कुठायत?
‘कारखान्याचा तो वकील, ज्यानं बायको टाकली...’
बायकोचं आणि क्लोरीनचं काय नातं?
‘सगळं गाव जाणतं.’
मला तर कुणी विचारलं नाही बाई.

मग तो मुलगा आला, चौथ्या परिच्छेदात,
मेलेला दोरादो मासा
तान्ह्या बाळासारखा कवटाळून काठावर उभा.
निबियानं चष्मा काढला.
तिचा वॉशिंग्टन, धाकटा भाऊ, तसाच उचलायचा मासे.
बराच वेळ ती पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावून होती.
मग चष्मा चढवला, म्हणाली,
‘कारखाना अजून बांधलेलाच नाही.
मग हा मासा मेला कशानं?’

मी म्हटलं, आजी, हा तर आपल्या बाजूचा.
‘आपला म्हणून किलोला नऊशे ग्रॅम चालवून घ्यायचे?
रडू खरं होतं माझं.
पण ते पारड्यात नाही घालायचं.’

शेवटी उरली एक ओळ, सातव्या परिच्छेदात दडलेली:
उन्हाळ्यात नदीत पाणी किती,
कारखाना रोज किती उपसणार,
आणि कुणी, कधी मोजलं.
तिनं ती कात्रीनं कापली, फ्रिजवर लावली.
एवढी पुरे, म्हणाली, नाही म्हणायला.
बाकीच्या पानात भोपळ्याच्या साली गुंडाळल्या.

दिवस कलताना पाहिलं,
ती कुंपणाशी उभी, आपलीच पाटी वाचत,
एकदा, मग पुन्हा, जवळ जाऊन.
मग मला हाक मारली:
घरात टर्पेंटाइन आहे का रे?