कितीला पडलं

आक्का फोनवर आधी हेच विचारते.
कोट कितीला पडला? बूट कितीला पडले?
तिला रुपयांत सांगणं मी केव्हाच सोडलं.
कोबीला शंभरानं गुणलं
की तो घशाखाली उतरत नाही.

हॅलिफॅक्समध्ये संध्याकाळी सातला
दुकानातला पोरगा पिवळी लेबलं घेऊन येतो
आणि आम्ही सगळे, जणू सहजच,
पावाच्या फळीकडे वळतो.
काल टाय घातलेला एक गृहस्थ आणि मी,
दोघांच्या हातात एकच पाकीट आलं.
सॉरी, मी म्हणाले. सॉरी, तोही.
हा शब्द इथे अजून फुकट मिळतो.

माझं काम दर घरी पंधरा मिनिटांचं.
टेकडी चढण्याचा वेळ पगारात धरत नाहीत.
मिसेस ओल्डरॉइड, वय अठ्ठ्याऐंशी,
घरातही कोट, कानटोपी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी.
खिडकीत मीटरचा छोटा डबा.
मी केटल लावली की ती त्याच्याकडे बघते,
पोराच्या तापाकडे बघावं तशी.
"एकाच कपाचं पाणी हं," म्हणते,
आणि कप दोन काढते.

एकदा सकाळी, काहीच चालू नसताना,
डब्यावर चौसष्ट पेन्स.
हे कसले? मी विचारलं.
"नुसतं असण्याचे," ती म्हणाली.
आमच्या मिरजेच्या बिलात त्याला
स्थिर आकार म्हणतात.

गुरुवारी पहाटे ती बाथरूमला उठली.
दिवा लावला नाही.
साठ वर्षांची वाट, सहा पावलं,
सहा पावलांना कशाला बल्ब.
सहावं पाऊल जिन्याचं निघालं.

हे तिनंच सांगितलं, स्ट्रेचरवरून,
आणि वर, "हीटर बंद आहे ना बघ."
बंदच होता.
मी ओट्यावरचे दोन्ही कप
गार पाण्यानं विसळले. पंधरा मिनिटं संपून
तास झाला होता. तो कुणाच्या नावावर लिहायचा,
ऑफिसला फोन करूनही कळलं नाही.

रात्री आक्काचा फोन.
कितीला पडलं, ती विचारायच्या आत
मी म्हणाले, म्हातारी पडली.
ती गप्प. हल्ली फोनला मिनिटाचे पैसे पडत नाहीत,
तरी आमच्याकडे फोनवर
कुणी गप्प राहत नाही.
मग म्हणाली, रात्रीचा दिवा लावून ठेव गं.

लावला.
आणि झोप येईना तशी पडून राहिले,
त्याच्याकडे बघत.