कोणते तेली?

रेल्वेनं बाबांची बदली अजनीला केली तेव्हा
त्यांच्या ट्रंकेत एक प्रार्थनेचं पुस्तक होतं:
उजवीकडून हिब्रू, डावीकडून मराठी,
मधल्या शिवणीपाशी दोघी थांबायच्या.

शहरात वारांच्या पेठा.
इतवारी, मंगळवारी, बुधवारी.
बाबा म्हणायचे, देवानं आठवडा मोजायला केला,
नागपूरकरांनी पायी चालायला.
आमचा शब्बाथ मग शुक्रवारी तलावाजवळ सुरू व्हायचा,
झिबलाजी गिरीपुंज्यांच्या घाण्यावर.
पाण्यावरचं ऊन पिवळं पडलं की बाबा सायकल दामटायचे,
दिवस बुडायच्या आत
आईच्या हाती तेल पोचलं पाहिजे.

पहिल्याच दिवशी झिबलाजींनी विचारलं,
"वाकरूळकर म्हंजे कोनते लोक जी?"
"तेली."
"अस्सं! एकबैले का दोनबैले?"
बाबांना वाटलं, बैलच विचारतायत.
म्हणाले, आजोबांच्या घाण्याला एकच होता,
डोळ्यांना झापड बांधलेला.
"मंग एकबैले," झिबलाजी म्हणाले
आणि उधारीच्या वहीत तसं लिहिलं.
दोन वर्षं आम्ही एकबैले होतो.

मग ते सुलभा आत्यासाठी स्थळ घेऊन आले.
मुलगा पवनीचा, आयटीआय झालेला, स्वभावानं गरीब.
आईनं चहा ठेवला, आत्या आत जाऊन हसली,
आणि बाबांना सगळं सांगणं भाग पडलं:
शनिवार तेली. शनिवारी घाणा सोडणारे.
कोकणात, नवगावला जहाज फुटलं,
सात पुरुष आणि सात बाया किनाऱ्याला लागल्या.
पोथ्या बुडाल्या, सणांची नावं बुडाली,
तोंडात एक ओळ तेवढी राहिली:
शेमा इस्राएल.

"एका ओळीवर भागलं?"
"भागवलं."
झिबलाजींनी बशीतला चहा संपवला.
"शनवारी तर आमच्याकडंबी तेल कोनी इकत नेत नाई," म्हणाले,
"मंग फरक कोनता?"
फरक बराच होता. स्थळ परत गेलं.
वहीत मात्र एकबैलेच राहिलं, कुणी खोडलं नाही.

दादा अश्दोदला निघाला त्या आठवड्यात आम्ही मलिदा केला.
पोहे, गूळ, खोबरं, वर कळमेश्वरची संत्री.
एलियाहू हन्नाबींच्या घोड्याची टाप
कोकणात खडकावर उमटली आहे म्हणतात.
"इथल्या दगडावर अंडं तळलं जाईल," बाबा म्हणाले,
"टाप कुठली उमटते!"
तरी दार उघडंच ठेवलं.
लू आत आली, आणि गिरीपुंजेकाकू,
दुसऱ्यांदा मलिदा मागायला.

बाबा गेले ते मे महिन्यात, शुक्रवारी पहाटे.
शब्बाथ लागायच्या आत माती द्यायची होती.
कद्दिशला दहा पुरुष लागतात.
अमरावतीहून दोघं आले, कामठीहून एक,
सगळे मिळून सात.
दादा फोनच्या पडद्यावर होता.
"हा धरायचा का?"
"नाही."
मी तर मोजणीत नव्हतेच.

फाटकापाशी झिबलाजी उभे होते,
त्यांचा मुलगा, आणि घाण्यावरचा जमाल.
माझी बेरीज झाली. सगळ्यांचीच झाली असणार.
कुणी ती बोलून दाखवली नाही.
शलोम अंकलनी मान हलवून
पुस्तकाचं ते पान मिटलं.
"मोजू नका जी," झिबलाजी म्हणाले,
"नुसतं उभं राहाले मोजा लागते का?"

शेमाला दहा लागत नाहीत.
एकटा माणूस म्हणू शकतो, समुद्रातून आलेला सुद्धा.
सात जणांनी म्हटली, आठवी मी.
फोनमधून दादाचा आवाज
एक शब्द मागून येत राहिला.

परतताना झिबलाजींनी माझ्या हातात
पिशवीत गुंडाळलेली जवसाच्या तेलाची बाटली दिली.
"उद्या शनवार हाये," म्हणाले,
"दुकान बंद राहीन."