के रांग, तेरा आणि चौदा

पत्र आलं जूनमध्ये. पायरीवर बसून वाचलं,
काळ्या माश्या हाकत.
"प्रिय परिवार-सदस्य," अशी सुरुवात.
परिवार म्हटलं की आधी पाकीट चाचपावं,
हे मला बापानं शिकवलेलं.

के रांग, तेरा आणि चौदा.
दोन खुर्च्या, घरच्या बर्फावरचे चौतीस सामने.
मागच्या वर्षी नऊशे साठ डॉलर, यंदा चौदाशे दहा.
कारण, नवा पडदा. छतातून लोंबणारा, चार तोंडांचा.
म्हणजे आता आमचा पराभव
चारही बाजूंनी दिसेल, मोठा आणि संथ गतीत.

नाव लांडगे, खेळ मेंढरांचा.
मालक टोरांटोत, उंटावरून शेळ्या हाकतो.
एकदाच आला होता. फरची कॉलर,
गावाचं नाव चुकीचं उच्चारलं,
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.
त्या टाळ्यांची लाज वाटते अजून,
नऊ-शून्यनं हरलो त्या रात्रीपेक्षा जास्त.

हरण्याचं काही नाही.
आर्मांड म्हणायचा, हा संघ म्हणजे माझा डावा गुडघा.
दुखतो, पण माझाच आहे.

चौदा नंबर आर्मांडचा.
बत्तीस वर्षं एकाच पिंजऱ्यातून खाणीत उतरलो,
शुक्रवारी एकाच थर्मासमधली कॉफी प्यायलो.
तिच्यात थोडी रम असायची.
हे त्याच्या ओदेतला माहीत होतं.
तिला माहीत आहे, हे फक्त आम्हाला माहीत नव्हतं.
तो गेला, तरी तिकिटं मी दोनच घेत राहिलो.
त्या खुर्चीवर कोट ठेवायचो.
पैसे पाण्यात घालताय, मुलगा म्हणाला.
बर्फात, मी म्हटलं.

जुलैत फोन. मुलीचा आवाज, कोवळा,
बहुतेक पहिलीच नोकरी.
"सर, एकच खुर्ची ठेवलीत तर हप्ते पाडून देता येतील."
मग कागद चाळल्याचा आवाज.
"कोणती सोडू, सर? तेरा की चौदा?"

मी विचारलं, बाळ, तू कधी आलीस का सामन्याला?
ती जरा थांबली.
"शाळेतून आणलं होतं एकदा. आता नाही परवडत."
दोन्ही सोड, म्हटलं. फोन ठेवला.
ठेवताना तिचं नाव विचारायचं राहिलं.

ऑक्टोबर. पहिला सामना.
कुत्र्याला फिरवायला म्हणून निघालो
आणि कुत्र्यानंच नेलं मला, जुन्या सवयीनं,
रिंकच्या मागच्या गल्लीत.
आतला खरवडलेला बर्फ तिथे आणून ओततात,
करडा ढीग, त्यात निळ्या-लाल रेघांचा चुरा.
ढिगापाशी पेक्का लाहतिनेन उभा.
पलीकडे इव्हों, सायकलला टेकून.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.

भोंगा वाजतो तो फक्त आमच्या गोलला.
त्यांच्या गोलला काहीच वाजत नाही.
त्यामुळे बाहेर उभं राहून सगळं कळतं,
शांतता किती लांब, किती जड, त्यावरून.
पेक्का भिंतीला कान लावून सांगायचा:
"गेला एक."
बऱ्याच वेळानं, "दुसरा."
तिसऱ्याला त्यानं नुसतं बोट वर केलं.

शेवटच्या सत्रात भोंगा वाजला.
भिंत थरथरली, कुत्रा भुंकला,
आणि माझा हात आपोआप वर गेला, उजवीकडे,
आर्मांडच्या उंचीवर.
पेक्का वीतभर बुटका.
त्याचा लोकरी पंजा माझ्या कोपरावर आदळला.

पाच-एक. नेहमीचंच.
इव्हों म्हणाला, निदान फुकट तरी हरलो.
तेवढ्यावर आम्ही इतके हसलो
की आतून एक पोरगा दार उघडून बघून गेला.

पुढच्या शुक्रवारी पेक्का घडीच्या खुर्च्या आणणार आहे.
तिघांना तीन पुरतील, तो म्हणाला.
चार आण, म्हटलं.
इथल्या थंडीत कोट काढता येणार नाही,
ते कळतं मला.
तरी चार आण.