बिटको चौकातला सिग्नल

मला खोटी माणसं लांबून कळतात.
कॉलेज रोडवर क्लासचा बॅनर,
त्यावर हाताची घडी घालून उभे टॉपर.
त्यातला कौस्तुभ आहिरराव त्या क्लासला
चारच दिवस गेला होता, तेही एसी आहे म्हणून.
मावशी म्हणते, "या ना कधीतरी घरी,"
आणि आम्ही खरंच गंगापूर रोडला गेलो
की आधी आमच्या चपलांकडे बघते.
सोमेश्वरला धबधब्याकडे पाठ करून
सगळे मोबाइलकडे बघून हसतात.
पाणी कोणीच बघत नाही. मी बघतो.
बघतो, आणि मी बघतोय हे
कोणी बघतंय का, तेही बघतो.

परवा बाबांचा निरोपसमारंभ झाला.
तेहतीस वर्षं नोटप्रेसमध्ये
छापून आलेले कागद तपासायचं काम.
शाई फुटली, आकडा सरकला : बाजूला.
ज्या निरगुडे साहेबांनी
आजीच्या दहाव्याला रजा दिली नव्हती
ते माइकवर म्हणाले, "हा आमच्या घरचा माणूस,"
आणि चष्मा काढून कोरडे डोळे पुसले.
शाल, नारळ, मनगटी घड्याळ.
मी मागे भिंतीला टेकून,
एक भुवई वर.
ही भुवई मी दीड वर्ष
लिफ्टच्या आरशात बसवत आणलीय,
तळमजला ते चौथा.

येताना बिटको चौकात सिग्नल लागला.
मी मागून म्हणालो, सगळे खोटे आहेत, बाबा.
ते पायांत नारळ सांभाळत होते.
"खोटे नाहीत रे. खराब.
खोटी नोट मी नोकरीत एकदाही पाहिली नाही.
आमच्याकडे यायच्या त्या खऱ्याच.
कागद खरा, शाई खरी,
मशीन जरा हलायचं."
मागच्या रिक्षाने हॉर्न मारला.
हिरवा कधीच लागला होता.

रात्री ग्रुपवर फोटो आले.
बाबांची शाल एका खांद्यावरून घसरलेली,
आई कॅमेरा सोडून भलतीकडे बघत,
आणि साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून
सगळ्यांत जास्त दात काढलेला मी.
हे मला आठवतच नाही.
झूम करून पाहिलं.
भुवया दोन्ही सारख्या,
कुणाचंही पोरगं असावं तशा.

विचारणार होतो, हा कुठल्या गठ्ठ्यात टाकू.
पण बाबा झोपले होते,
नवं घड्याळ हातातच,
त्याच्या काचेवरचं प्लास्टिक
अजून काढलं नव्हतं.