उघडीप

काल्योनं मागितले तेव्हा मी त्याला
बिअरचे सोळा रिकामे डबे दिले,
वर विचारलंही, आता प्यायची सोडून चाटणार का?
तो हसला नाही.
शिवणाची सुई आहे का, म्हणाला.

डब्याला सुईचं एक भोक,
आत फोटोचा कागद, झाकणाला काळी टेप.
झाला कॅमेरा.
ना काच, ना बटण, ना "हसा जरा".
डिसेंबरातल्या सगळ्यांत ठेंगण्या दिवशी बांधायचा,
जूनमधल्या सगळ्यांत लांब दिवशी सोडायचा.
मधले सहा महिने भोक उघडंच.
एकच फोटो.

आमच्या बेटावर हिवाळ्यात
दुसरं काही करण्यासारखं नसतं.
म्हणून सगळे शहाणे एका दिवसात वेडे झाले:
धक्क्यावर एक डबा, शाळेच्या पन्हाळीला एक,
दीपगृहाच्या कठड्याला, दफनभूमीच्या फाटकाला,
माझ्या दुकानाच्या पाटीखाली,
आणि एक लेइडाच्या अंगणात,
सरपणाच्या खोपटाला, दक्षिणेकडं तोंड करून.

मार्चमध्ये पलीकडून दोन पोलीस आले.
कुणा पाहुण्याला धक्क्यावरचा डबा बॉम्ब वाटला होता.
लांब चिमट्यात धरून
त्यांनी तो उघडला, भर उन्हात.
कागद सगळा करपला.
काल्योनं तोही जपून ठेवला,
मागं पेन्सिलीनं लिहिलं:
भीती. वेळ एक सेकंद.

मग जून.
दोन डब्यांत नुसतं पाणी.
एकात गोगलगायीनं
अर्धा समुद्र खाऊन टाकलेला.
पण बाकीच्यांत, अरे देवा,
सूर्य!
रोजची एक रेघ.
हिवाळ्यात छपरांना घासत जाणारी,
मग एकेक बोट वर, एकेक बोट वर,
कुणी लोकरीची गुंडी उलगडावी तशी.
ढगांच्या दिवशी रेघ तुटलेली.
बोट मात्र कुठंच नाही.
रोज दोनदा आली, दोनदा गेली,
कागदाला तिचा पत्ताच नाही.

एंडेल भडकला.
"दुकानासमोरच्या बाकावर मी रोज बसतो! मी कुठंय?"
"तू हललास," काल्यो म्हणाला.
बाक होता.

हे फोटो धुता येत नाहीत.
ज्या उजेडानं काढले तोच त्यांना पुसतो.
म्हणून शाळेच्या हॉलचे पडदे ओढून घेतले,
एका वेळी चौघांनाच आत सोडायचं ठरलं,
आणि माणसं गेलीही तशीच,
बाळंतिणीच्या खोलीत जावीत तशी,
पावलं न वाजवता.

लेइडाच्या अंगणातल्या फोटोत
खालच्या बाजूला एक कोरी पट्टी होती.
काल्योनं मोजल्या होत्या: नऊ रेघा कमी.
फेब्रुवारीतल्या.
दीपगृहाच्या फोटोत त्या नऊ आहेत.
शाळेच्या फोटोत आहेत.
माझ्या पाटीखालच्या फोटोत तर
सुरीनं ओढाव्यात इतक्या स्वच्छ आहेत.

मला आठवत होतं.
दुकानाच्या खिडकीतून तिचं अंगण दिसतं.
आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी
तिनं आईचं पट्ट्यापट्ट्यांचं लोकरी पांघरूण धुतलं,
दोरीवर टाकलं, खोपटासमोर.
रात्रीत ते गोठून फळीसारखं ताठ झालं.
नऊ दिवस तिथंच.
रोज संध्याकाळी ती दारापर्यंत यायची,
हात पुढं करायची,
आणि परत आत.

आता ती फोटोसमोर उभी होती.
बोट त्या पट्टीजवळ नेलं, टेकवलं नाही.
आम्ही दोघं मागं.
काल्यो सगळ्या रेघा मोजणारा माणूस,
चुकलेलं सांगितल्याशिवाय न राहणारा.

"हवा खराब होती तेव्हा," लेइडा म्हणाली.

पडद्याच्या फटीतून एक तिरीप
जमिनीवर सरकत होती.
काल्योनं जाऊन पडदा नीट केला.

"हो," तो म्हणाला,
"फारच खराब होती."