कलम सात

पहिल्या सहामाहीत जीनोग्राम काढायला शिकवतात.
पुरुष चौकोन, बाई वर्तुळ,
गेलेल्या माणसावर फुली.
भांडणाला करवतीच्या दातांसारखी रेघ,
दुराव्याला टिंबं टिंबं.
मी माझ्या घराचा काढला, फुलस्केपवर, पेन्सिलने.
केंकरे मॅडमनी लाल शाईत एवढंच लिहिलं :
तुम्ही कुठे आहात?

स्वतःला काढायचं राहूनच गेलं होतं.

वय एकेचाळीस. बँक सोडून
बेलापूरला संध्याकाळचे वर्ग,
शेजारच्या बाकावर लेकीच्या वयाची मुलं.
त्यांना त्रिकोणाचा सिद्धांत वाचून कळतो :
दोघांतला ताण दोघांना पेलवेना
की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात.
मी समासात लिहिलं, वाशी, सेक्टर नऊ,
सिडकोच्या दोन खोल्या.
बाबांना विचार, चहा घेणार का.
आईला सांग, साखर नको.
अंतर चार फूट.
माझं प्रात्यक्षिक सातव्या वर्षीच सुरू झालं,
त्याचे गुण कुणी धरले नाहीत.

आणि आता हे घणसोलीचे मढवी.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड, त्यावर सहा मजले,
आणि दोन भाऊ.
प्रल्हाद म्हणतो, सिडकोत चपला मी झिजवल्या.
रोहिदास म्हणतो, बापाची लघवी मी काढली.
दोघांचंही खरं, म्हणून तर सुटत नाही.
माझी खुर्ची भिंतीशी.
काम : टिपणं घेणं, पाणी देणं,
चेहऱ्यावर काही उमटू न देणं.
(शेवटच्यात मी कच्ची आहे.)

तिसऱ्या बैठकीला बहीण आली. सुगंधा.
करावे गावात दिलेली,
हक्कसोडपत्रावर अंगठ्याशेजारी सही करून
मोकळी झालेली, म्हणजे कागदावर.
भावांनी तिला कळवलंच नव्हतं, मॅडमनी बोलावून घेतलं.
तुम्हाला काय हवंय?

पुस्तक म्हणतं, मागणी ऐकू नका,
मागणीच्या मागे काय उभं आहे ते ऐका.
तिने पदराने चष्मा पुसला.
"मना पार्किंग पायजे."

भाऊ हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा
एकाच गोष्टीला, एकाच वेळी.

"अ‍ॅक्टिवा लावाला. खांबाजवल. वर माझा नाव."
मग जरा थांबून,
"घरान गेली का वयनी इचारते, कवा जाशील.
गारीला कोन इचारनार?"

हसू नेमकं कुठे विझलं ते माझ्या टिपणात नाही.
मी पाण्याचा ग्लास धरून उभी होते
आणि कुणाला द्यायचा ते विसरले.

कलम सात :
तळमजल्यावरील खांब क्रमांक चारलगतची जागा,
सहा फूट बाय तीन,
पिवळ्या रंगाने आखून द्यावी.
रंगाचा खर्च निम्मा निम्मा.
त्या निम्म्यावर आणखी पाऊण तास गेला.
मजल्यांचं म्हणाल, तर पुढची तारीख पडली आहे.

रात्री मी फुलस्केप पुन्हा काढला.
पार्किंगला चिन्ह नाही त्यात.
स्वतःचं वर्तुळ आधी त्या दोघांच्या
मधल्या रेघेवरच काढलं गेलं, सवयीने.
खोडलं. जरा बाजूला काढलं.
तिथे ते उपऱ्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात फोन. बाबा.
"आईला सांग, गुडघ्याचं तेल संपलंय."
आई तिथेच होती, त्याच खोलीत,
तिच्या बांगड्या मला इथे ऐकू येत होत्या.
"तुम्हीच सांगा ना," मी म्हटलं.

बैठकीतली शांतता भरू नये,
मोजूही नये, असं शिकवलंय.
भरली नाही. मोजली मात्र.
एकोणीस.

मग कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.