खरवड

ओवेन्सबरोत सकाळी सहाला
माझी रात्रपाळी सुटते, व्हर्लिनचीही.
मागच्या दाराशी, उलट्या बादलीवर बसलेला असतो,
हिकरीच्या धुरानं भुवया पिवळ्या.
रात्रभर मंद आचेवर मटण,
वरून फडक्यानं शिंपडलेलं काळं, आंबट पाणी.
"घाई केली की मांस रुसतं," म्हणतो.

एकदा त्यानं कडेचा करपलेला तुकडा दिला, फुकट.
म्हटलं, आमच्याकडे ही खरवड,
पातेल्याच्या तळाशी,
भांडल्याशिवाय मिळत नाही.
"करवाड," तो म्हणाला. परत म्हणाला.
आठवड्यानं फळ्यावर खडूनं:
करवाड, चार डॉलर.
आता शेरीफसुद्धा पुडी बांधून नेतो.

मार्चमध्ये व्हर्लिन माझ्याच वॉर्डात आला.
एक्स-रेत छाती धुरकट,
चाळीस वर्षांची भट्टी आत.
नळी लावताना त्यानं माझी बाही हुंगली.
"कोण बसलंय मटणापाशी?"
रोझेटा, म्हटलं. तुमची लेक.
"झाकण सारखं उघडते ती."

उघडते खरी.
आज सकाळी पाहिलं, बोलले नाही.
तिनं दिलेला तुकडा
आत जरा कच्चाच होता.
उभ्यानं खाल्ला,
बोटं चाटली.